आप्पांच्या रक्तात बुरशी निघाली, आता काय करायचं?

मॅडम, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीवाले. माझे वडील, आप्पा, वय ६४, शुगर जुनी. गेल्या महिन्यात आतड्याला भोक पडलं म्हणून जळगावला एका खासगी दवाखान्यात रातोरात ऑपरेशन झालं. तेव्हापासून आयसीयूत आहेत. व्हेंटिलेटर निघाला, जरा बोलायला लागले, तेवढ्यात पुन्हा थंडी वाजून ताप. डॉक्टर म्हणतात रक्तात बुरशी निघाली. रिपोर्टवर ‘कॅन्डिडा हिमुलोनी’ असं आहे. लघवीतही बुरशी आहे म्हणे. फ्लुकोनॅझोल चालू केलंय, उतार पडला नाही तर महागडी इंजेक्शनं लागतील असं सांगितलं. गल्लीतले म्हणतात ही काळी बुरशी, डोळा काढावा लागतो. भाऊ म्हणतो दवाखान्यानंच दिली, त्यांना सोडणार नाही. काका म्हणतात मुंबईला हलवा. आई आयसीयूच्या दाराशी बसून एकच विचारते, ‘आते काय करानं?’ तिलाही शुगर आहे आणि ती रोज आप्पांजवळ जाते. घरी माझा तीन वर्षांचा मुलगा आहे. आणि एक विचारू का? करप्यासाठी आम्ही बागेवर बुरशीनाशक मारतो. त्याचा याच्याशी काही संबंध?
– एक मुलगी, चोपडा तालुका

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण माझी नजर अडकली ती रिपोर्टवरच्या ‘हिमुलोनी’वर. माझं सगळं आयुष्य दवाखान्याच्या लॅबमध्ये गेलं. हे नाव आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात आलं की आम्ही लॅबवाले ते जसंच्या तसं मान्य करत नाही. म्हणून आधी तेच घेते, कारण ते तुम्हाला उद्या सकाळच्या राऊंडला विचारायचं आहे.

रक्ताच्या बाटलीत बुरशी वाढली की तिची ओळख पटवायला ती एका ऑटोमॅटिक मशीनला दिली जाते. मशीन तिच्या रासायनिक सवयी तपासतं आणि आपल्याकडच्या यादीतलं सगळ्यात जवळचं नाव छापतं. आता २००९ साली जपानमध्ये एका बाईच्या कानात कॅन्डिडाची एक नवी जात सापडली, कॅन्डिडा ऑरिस. ती पुढे जगभरच्या आयसीयूंत पसरली, आपल्या देशातल्या तर फारच. मशीनच्या जुन्या यादीत ही ऑरिस नव्हतीच, त्यामुळे मशीन तिला बिनदिक्कत ‘हिमुलोनी’ म्हणायचं, आणि यादी अद्ययावत केलेली नसेल तर आजही म्हणतं. तुमच्या आप्पांच्या बाबतीत असंच झालं आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण खात्री होईपर्यंत ती ऑरिसच आहे असं धरून वागावं, कारण पुढचं औषध आणि पुढची काळजी दोन्ही त्यावर ठरतात.

खात्री करायची सोय आहे. ‘मॅल्डी-टॉफ’ नावाचं मशीन बुरशीच्या प्रथिनांवरून काही मिनिटांत नाव सांगतं. दवाखान्याच्या लॅबमध्ये ते नसेल तर प्लेटवर वाढलेली बुरशी मोठ्या लॅबला पाठवता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जळगावातही आहे आणि धुळ्यातही. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला पुढचा रस्ता विचारता येईल. काकांना सांगा, माणूस हलवायच्या आधी नमुना हलवू.

आता औषध. फ्लुकोनॅझोल वाईट औषध नाही. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि साध्या कॅन्डिडावर, तब्येत स्थिर असलेल्या माणसात ते उत्तम चालतं. पण ऑरिस त्याला जवळजवळ कधीच दाद देत नाही. शिवाय आयसीयूतल्या आजारी माणसाच्या रक्तात कॅन्डिडा निघाली की सुरुवातच कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन किंवा अ‍ॅनिड्युलाफंजिन यांपैकी एकानं करावी, असंच आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात. पुढे रिपोर्टनं परवानगी दिली तर साध्या औषधावर उतरता येतं. म्हणजे चढण उलटी आहे: आधी भारी, मग हलकं. ‘उतार नाही पडला तर बघू’ यात जे दोन-तीन दिवस जातात ते या आजारात महाग पडतात. रक्तातल्या कॅन्डिडाचे साधारण तिसरा हिस्सा पेशंट दगावतात. काही बुरशीनं जातात, काही मुळच्या आजारानं. घाबरवायला हे लिहीत नाही, पण घाई का करायची ते तुम्हाला कळलं पाहिजे.

हे डॉक्टरांना कसं विचारायचं? भावाला पुढे करू नका, तुम्ही विचारा. ‘डॉक्टर, हिमुलोनी आलंय ते ऑरिस असू शकतं का? औषधाची सेन्सिटिव्हिटी लावली का? तोवर कॅस्पोफंजिनच्या गटातलं औषध द्यायचं का?’ एवढंच. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ही बुरशी कुठल्या औषधाला दाद देते याची तपासणी. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर कारण सांगेल, आणि त्या कारणात तथ्य असू शकतं; आप्पांना त्यांनी पाहिलंय, मी नाही.

यापुढचा प्रश्न मात्र माझ्या मते औषधापेक्षाही मोठा आहे, आणि नातेवाईक तो कधीच विचारत नाहीत: ‘आज कुठली नळी काढता येईल?’

आप्पांच्या अंगात आत्ता किती नळ्या आहेत ते मोजा. मानेत किंवा खांद्याखाली मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन असेल, लघवीची नळी असेल, पोटात साठलेलं बाहेर काढणारी ड्रेन असेल, नाकातून जेवणाची नळी असेल. यातली प्रत्येक गरजेपोटी घातलेली आहे. पण कॅन्डिडा प्लॅस्टिकवर थर धरून बसते, पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत शेवाळ धरतं तसा. त्या थराच्या आत औषध पुरेसं पोहोचत नाही. रक्तात बुरशी निघाली की सेंट्रल लाइन शक्य तितक्या लवकर काढायची आणि गरज असेल तर नवी दुसऱ्या जागी घालायची, हा उपचाराचाच भाग आहे. महागडं इंजेक्शन चालू आणि जुनी लाइन जागेवर, असे पेशंट मी लॅबच्या खिडकीतून पुष्कळ पाहिले. रोज बाटली येते आणि रोज तीच बुरशी वाढते.

पोटाचंही तसंच. आतडं फुटलेल्या माणसाच्या पोटात कुठे पू साठून राहिला असेल तर तो बाहेर काढल्याशिवाय ताप हटत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी झालं का, हे विचारा.

लघवीतल्या बुरशीचं एवढं मनावर घेऊ नका. नळी घातलेल्या माणसाच्या लघवीत, आणि थुंकीतही, कॅन्डिडा नुसती वस्तीला असते. बहुतेक वेळा तिला औषध लागत नाही, नळी काढली किंवा बदलली तरी पुरतं. रक्तातली गोष्ट वेगळी. रक्तात एकदा, एकाच बाटलीत जरी आली, तरी ती खरी मानायची.

रक्त काढायला सिस्टर आल्या की आई म्हणत असेल, ‘किती रगत काढतात!’ प्रत्येक पेशंटच्या घरचे म्हणतात. पण मोठ्या माणसाच्या एकेका बाटलीला ८ ते १० मिली रक्त लागतं आणि अशा किमान दोन जोड्या, वेगवेगळ्या जागांहून. कमी रक्त घातलं की बुरशी हुकते. सगळं नीट केलं तरी खोलवरच्या कॅन्डिडाच्या जवळपास अर्ध्या पेशंटांत कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) कोरंच येतं. तुमच्याकडे निदान झालंय, ही त्यातल्या त्यात बरी बाजू. आता दर एक-दोन दिवसांनी कल्चर परत लावायचं, रक्त साफ आल्याची तारीख डायरीत लिहायची, आणि औषध त्या तारखेपासून पुढे १४ दिवस. ताप उतरला त्या दिवसापासून मोजायचे नाहीत. घरचे नेमके इथेच फसतात. ताप गेला, माणूस चहा मागायला लागला, ‘आता घरी नेऊ, इंजेक्शन पुरे.’ अजिबात नाही.

बीटा-डी-ग्लुकन नावाची एक खर्चिक टेस्ट कुणी सुचवली तर विचारा की बुरशी प्लेटवर वाढलेली असताना तिनं नवं काय कळणार. ती टेस्ट बुरशी नाही असं म्हणायला चांगली. आहे हे कळून चुकल्यावर मला तरी ती फारशी उपयोगाची वाटत नाही.

आणि हो, डोळे. गल्लीतल्यांचं डोळ्याचं बोलणं चुकीच्या आजाराबद्दल होतं, पण डोळे तपासायला हवेतच. रक्तातली कॅन्डिडा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जाऊन बसू शकते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून आतून बघायचं, आप्पांची तक्रार नसली तरी. कॅस्पोफंजिनच्या गटातली औषधं डोळ्यात नीट उतरत नाहीत, त्यामुळे तिथे काही दिसलं तर औषध बदलावं लागतं.

काळी बुरशी म्हणजे म्युकर. २०२१ च्या मे महिन्यात आपल्याकडे घरोघर ज्याची धास्ती होती तो. तो वेगळा. आईनं शिळ्या भाकरीवरची बुरशी पाहिली असेल, तिच्यातली रायझोपस नावाची जात म्युकरच्या कुळातली. कॅन्डिडा पडली यीस्टच्या जातीची, आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर एरवीही गुपचूप राहणारी. पण शुगरवाल्या घरानं म्युकरची लक्षणं ओळखून ठेवावीत, आप्पांसाठी आणि आईसाठीही: एका बाजूचा गाल किंवा डोळ्याखालचा भाग दुखणं, सुजणं, बधिर होणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं, धड असलेले दात हलायला लागणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. म्युकरला अँफोटेरिसिन लागतं, मेलेला भाग खरवडून काढावा लागतो, आणि कॅस्पोफंजिन एकट्यानं तिथे काहीच करत नाही.

आता भावाचा प्रश्न. दवाखान्यानं दिली का?

खरं सांगायचं तर कॅन्डिडाच्या पुष्कळ जाती माणसाच्या स्वतःच्या आतड्यातून रक्तात येतात. आतडं फुटलं, वर आठवडे-आठवडे भारी अँटिबायोटिक दिली, त्यांनी चांगले जंतूही मेले, बुरशीला रान मोकळं मिळालं. यात कुणाचा गुन्हा नसतो. ऑरिस निघाली तर मात्र चित्र वेगळं. ती सहसा दवाखान्यातूनच लागते, हातांवरून, बीपीच्या पट्ट्यावरून, थर्मामीटरवरून, कॉटच्या दांड्यावरून. कोरड्या प्लॅस्टिकवरही ती आठवड्याच्या वर तग धरते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली घातक बुरशींची यादी काढली तेव्हा तिला सर्वांत वरच्या गटात टाकलं ते उगाच नाही. म्हणजे भावाचं म्हणणं कदाचित खरं ठरेल. तरी आयसीयूच्या दारात आरडाओरडा करून आप्पांचा ताप उतरणार नाही, आणि ज्या सिस्टरनं रात्री लाइन सांभाळायची तीच बिचकून राहील. भावाला वेगळं काम द्या. ऑरिस ठरल्यास आप्पांना वेगळी खोली किंवा निदान वेगळा कोपरा मिळतोय का, त्यांचा बीपीचा पट्टा आणि थर्मामीटर फक्त त्यांच्यासाठी आहेत का, कॉट क्लोरीनच्या किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणानं पुसली जाते का, हे त्यानं दवाखान्याच्या संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरला भेटून विचारावं. फरशी पुसायची बरीचशी नेहमीची द्रावणं, क्वाटर्नरी अमोनियमवाली, ऑरिसला पुरत नाहीत. हे विचारणं भांडण नाही, आणि त्याचा फायदा शेजारच्या कॉटवरच्या पेशंटलाही होतो.

पुढे जाब विचारायचाच असेल तर कागदावर. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यापासून ७२ तासांत पेशंटच्या कागदपत्रांची प्रत द्यावी लागते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कल्चरचे सगळे रिपोर्ट तारखेसकट मागा, लाइन घातल्याची आणि काढल्याची तारीखही.

मुंबई. जळगावहून चारशे किलोमीटरच्या वर रस्ता, आणि बीपी डळमळीत असलेला माणूस. औषध मिळतंय, लाइन बदलली, पोट तपासलं, डोळे पाहिले, कल्चर लागतंय, एवढं जळगावात होत असेल तर मी हलवणार नाही. किडनी बसली आणि डायलिसिसची सोय नसली, हृदयाच्या झडपेवर बुरशी बसल्याचा संशय आला, किंवा पोट पुन्हा उघडायची वेळ आली आणि तिथे ते जमणार नसलं, तर हलवावंच. मग अँब्युलन्सवाल्यांना आणि पुढच्या दवाखान्याला बुरशीची गोष्ट आधी, लेखी कळवा. लपवलं तर तिकडच्या आयसीयूत ती आपणच नेऊन सोडू.

आईला जवळ जाऊ द्या, तिच्यावाचून आप्पा उठायचे नाहीत. निरोगी किंवा शुगर आटोक्यात असलेल्या माणसाला ही बुरशी सहसा काही करत नाही. ती हातावर बसून दुसऱ्या पेशंटकडे जाते, भीती त्याची. म्हणून आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा, स्पिरिटवालं सॅनिटायझर दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या टोकांना २० ते ३० सेकंद चोळायचं. बांगड्या वर सारायच्या, अंगठी काढून ठेवायची. बऱ्याच ठिकाणी चपला बाहेर काढायला लावतात, निळा गाऊन घालायला देतात, आणि कॉटशेजारची सॅनिटायझरची बाटली मात्र रिकामी असते. गाऊन नसला तरी एकवेळ चालेल. बाटली रिकामी दिसली की मोठ्यानं मागा.

आई आप्पांचं तोंड पदरानं पुसत असेल. तिला स्वच्छ गॉज द्या, पदर नको. अंगारा कपाळाला चिमूटभर लावला तर हरकत नाही, पण मानेतल्या नळीच्या पट्टीजवळ बोट जाता कामा नये. कॉटवर बसायचं नाही. सीटीला नेताना वॉर्डबॉय लघवीची पिशवी उचलून आप्पांच्या पोटावर ठेवतात, ते दिसलं की लगेच सांगायचं, ‘पिशवी खाली धरा.’ ती मूत्राशयाच्या खालीच हवी, नाहीतर लघवी उलटी जाते. आईच्या पायाला भेग किंवा जखम असेल तर झाकून जाऊ दे. नातवाला आयसीयूत नेऊ नका. घरी मात्र त्याला आजीपासून लांब ठेवायची गरज नाही. ती आली की हातपाय धुऊन, लुगडं बदलून त्याला घेऊ दे.

आप्पा घरी आले की त्यांच्या कातडीवर ऑरिस महिनोन्महिने राहू शकते. ती घालवायचं खात्रीचं औषध नाही आणि घरात त्यानं बिघडतही नाही. पण पुढे कुठल्याही दवाखान्यात, अगदी डायलिसिसला किंवा टाके काढायला गेलात तरी, आधी सांगायचं.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘महागडी इंजेक्शनं’ लिहिताना हात अडखळला असणार. दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला आजच भेटा, यातलं काय बसतं ते विचारा. नसेल बसत तर औषध जेनेरिक नावानं लिहून मागा आणि बाहेरच्या दोन-तीन मेडिकलमध्ये भाव विचारा. फरक बराच असतो. कॅस्पोफंजिनच्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, त्यामुळे बाहेरून आणाल तर बर्फाच्या डब्यातून. जळगावच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत टाकून नव्हे.

शेवटी बागेचं. करप्यावर मारता ते प्रोपिकोनॅझोल असेल तर ते फ्लुकोनॅझोलच्याच कुळातलं आहे, नावावरूनच कळतं. शेतातल्या या औषधांमुळे अ‍ॅस्परजिलस नावाची हवेतली बुरशी माणसांच्या औषधांना जुमानेनाशी होते, हे आधी नेदरलँड्समध्ये आणि मग बऱ्याच देशांत दिसलं आहे. आप्पांच्या रक्तातली कॅन्डिडा तुमच्या फवारणीतून आली, असं मात्र म्हणता येणार नाही. तो बोल स्वतःला लावून घेऊ नका. फवारणी शिफारशीएवढीच करा, शेजाऱ्यानं दोन हात जास्त मारले म्हणून आपण मारायचे नाहीत. आप्पा घरी आल्यावर बागेत जायला बघतील. निदान काही महिने त्यांना फवारणीच्या, कुजत घातलेल्या केळीच्या खांबांच्या आणि शेणखत उपसायच्या कामाजवळ फिरकू देऊ नका. बांधावर खुर्ची टाकून बसले आणि गड्यांना ओरडले तर चालेल.

पुढचा कल्चरचा रिपोर्ट आला की फोटो पाठवा, आप्पांचं नाव आणि नंबर झाकून. सेन्सिटिव्हिटीचं दुसरं पान विसरू नका, मला तेच बघायचंय.